सोवळ्या कादंबऱ्या

कोणते पुस्तक माजघरात उघडे ठेवावे आणि कोणते उशीखाली सरकवावे, ह्याचा एक अलिखित नियम पूर्वी मराठी घरांत असे. आमच्या उज्जैनच्या घरातही तो होता. फडके-खांडेकर वाचावयास वडीलधाऱ्यांची हरकत नसे. पुढे कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे ह्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातून येऊ लागल्या. त्या आधी सासूबाई वाचीत, मग आम्ही जावाजावा, आणि सासूबाईंनी मान डोलावली तर शेवटी घरातल्या मुली. जी कादंबरी चारचौघांत मोठ्याने वाचता येते, जी वाचताना कोणी मध्येच आले तर दचकावे लागत नाही, तिला त्यांनी एक नाव देऊन ठेवले होते : ‘सोवळी कादंबरी’. ह्या एका शब्दाने पुस्तकाची पारख होऊन जाई.

सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पण गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या घरात सोवळ्या कादंबऱ्यांचा एक नवाच प्रकार शिरला आहे, आणि त्यांचा पत्ता फार दूरचा आहे. अमेरिका-कॅनडातल्या श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांसाठी लिहिलेल्या ह्या प्रेमकथा आहेत. महाकालाच्या नगरीत राहणाऱ्या, सोमवारचा उपास न चुकविणाऱ्या माझ्यासारख्या बाईने अशा तीस-पस्तीस कादंबऱ्या वाचल्या, ह्याचे आमच्या नात्यागोत्यात थोडे हसू झाले आणि थोडी कुजबुजही झाली. म्हणूनच त्यांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

ह्या कादंबऱ्या घरात आणल्या आमच्या सूनबाईने. ती शाळेत इंग्रजी शिकविते. तिची एक सहशिक्षिका केरळची, ख्रिस्ती. मधल्या सुट्टीत डब्याबरोबर पुस्तकांचीही देवाणघेवाण होऊ लागली. उज्जैनला ख्रिस्ती शेजार नवा नाही. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरला आपले काम मांडले आणि पुढे त्याची शाखा येथवर आली. केरळच्या सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत उज्जैनला १९७७ मध्ये झाला. आणि आपण मराठी माणसे तरी येथली मूळची कोठे? राणोजी शिंद्यांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा ह्यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी आपण येथेच राहिलो. ज्याच्या त्याच्या गाठोड्यात आपापले देव आणि आपापल्या पोथ्या असतात. क्षिप्रेच्या काठी सगळ्यांना जागा झाली.

आता ह्या कादंबऱ्या असतात तरी कशा? त्यांची परंपरा बरीच जुनी आहे. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल ह्या अमेरिकन बाईंनी (१८६५–१९४७) शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतली बहुतेक अशीच : एक सालस मुलगी, एक संकट, एक सज्जन तरुण, आणि त्या दोघांवर असलेली ईश्वराची नजर. १९६७ मध्ये कॅथरिन मार्शल ह्यांची ‘क्रिस्टी’ निघाली. डोंगराळ भागातल्या मिशनच्या शाळेत शिकवावयास गेलेल्या एका मुलीची ती कथा. ती इतकी मान्यता पावली की ख्रिस्ती कादंबऱ्यांना दिला जाणारा एक पुरस्कार आज तिच्याच नावाने ओळखला जातो. आणि १९७९ मध्ये जॅनेट ओक ह्या कॅनडात जन्मलेल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ प्रसिद्ध झाली. प्रेम पावलांचा आवाज न करता येते, असा काहीसा त्या नावाचा भाव. तिच्या यशानंतर ह्या प्रकाराला तिकडे पूरच आला.

ह्या लेखनाचे काही दंडक आहेत. शृंगार असला तरी तो दाराबाहेर थांबतो. शिवीगाळ नाही. नायकनायिकांच्या मनात एकमेकांविषयीचा संभ्रम असतो तसा देवाविषयीचाही असतो, आणि दोन्ही गाठी शेवटी बरोबरच सुटतात. थोडक्यात म्हणजे, आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत असते तर ह्या पुस्तकांना त्यांनी डोळे मिटून सोवळ्याच्या फळीवर जागा दिली असती.

ओकबाईंच्या त्या कादंबरीची कथा थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा मजकूर तिच्यापासूनच निघाला आहे. मार्टी ही कोवळ्या वयाची मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडच्या ओसाड माळरानात नवे घर वसवावयास निघालेली असते. वाटेतच नवरा अपघातात मरतो. तिला दिवस गेलेले. जवळ पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि हिवाळा तोंडावर आलेला. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक शेतकरी तिच्यापुढे येऊन उभा राहतो. तो विधुर आहे, पदरी एक लहान मुलगी आहे. तो म्हणतो, माझ्या लेकराला आई हवी आहे आणि तुला निवारा हवा आहे, लग्न करू. वसंतात परतीच्या गाड्या निघतील तेव्हा तुला माहेरी जावेसे वाटले, तर भाडे मी देईन. मात्र माझ्या मुलीला तू बरोबर न्यावेस. लग्न होते. ती घरात निजते, तो शेजारच्या पडवीत. मग येतात ते स्वयंपाकातले फजितीचे प्रसंग, आजारपणे, बाळंतपण, लाकूडफाटा, बर्फ. कोणी कोणाचा हात धरीत नाही. आणि वसंतात गाड्या निघतात तेव्हा मार्टी जात नाही.

एवढीच गोष्ट. वाङ्मयीन दृष्टीने तिच्यात फार खोली आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या पिढीच्या मराठी बायकांना ती परकी वाटत नाही, हे मात्र खरे. आधी लग्न, मग ओळख, मग कधीतरी माया, हा क्रम आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. आपले कालिदास प्रेमाची परीक्षा विरहात घेतात. वाट वाकडी करूनही उज्जयिनी पाहा, असे मेघाला सांगणारा त्यांचा यक्ष वर्षभर पत्नीवाचून झुरतो. ह्या कादंबऱ्यांतली परीक्षा मात्र एकाच छपराखाली, चुलीपाशी आणि गोठ्यात घेतली जाते. आधी कर्तव्य नेमाने होत राहते आणि भावना मागाहून येते. लग्नानंतर वर्षभराने कधीतरी, ह्यांनी न सांगता पाण्याचा बंब पेटवून ठेवलेला पाहून ज्यांना गलबलून आले, त्यांना ह्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

ह्या पुस्तकांत मला जे उणे वाटते तेही सांगितले पाहिजे. त्यांतला देव फार लवकर उत्तर देतो. तिसऱ्या प्रकरणात केलेली प्रार्थना तेराव्या प्रकरणात फळाला येणार, ही वाचकाला खात्रीच असते. खलपुरुष असला तर तो बहुधा श्रद्धाहीन असतो आणि सज्जन तेवढे श्रद्धावान असतात. माणसे अशी सरळ वाटली गेलेली नसतात, हे कोणत्याही चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्या बाईला ठाऊक असते. शिवाय लागोपाठ चार-पाच वाचल्या की साखरभाताचा जेवणभर पुरवठा झाल्यासारखे होते. मध्ये लोणच्याची फोड हवीशी वाटते.

तरीही ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ मिटून ठेवताना मन एका जागी अडकून राहिले. मार्टी विधवा आहे. तिने पुन्हा संसार मांडला ह्याबद्दल त्या कादंबरीत तिला कोणी दोष देत नाही. पहिल्या नवऱ्यासाठी ती रडते आणि दुसऱ्यासाठी भाकरी भाजते. ह्या दोहोंत तिच्या देवालाही काही विसंगती दिसत नाही.

आणि येथे मला आपल्याच मराठीची आठवण झाली. इंग्रजी पुस्तकांतले हे ख्रिस्ती घर पाहून आपण नवल करतो. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती ‘यमुनापर्यटन’ ख्रिस्तीच आहे आणि विधवेविषयीचीच आहे. बाबा पदमनजी ह्यांचा जन्म बेळगावचा, १८३१ चा. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध केली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात. जागोजागी त्यांना विधवा भेटतात, आणि एकेकीची हकीकत ऐकता ऐकता वाचकाचे काळीज जड होत जाते. मग विनायकच मरण पावतो आणि ज्या दुःखाची ती आजवर श्रोती होती तेच यमुनेच्या वाट्याला येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते. म्हणजे ‘लव्ह कम्स सॉफ्टली’च्या आधी एकशेबावीस वर्षे, एका विधवेला पुन्हा कुंकू लावण्याची हिंमत मराठी कादंबरीने आपल्या पहिल्याच पावलाला केली होती.

पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिची नायिकाही यमूच. तिचा नवराही भला आणि सुधारलेला, तोही अकाली जातो. पण ह्या यमूला दार सापडत नाही. तिचे केशवपन होते आणि ती खंगून जाते. हरिभाऊंनी जे पाहिले ते लिहिले. कला म्हणून त्यांची यमू पदमनजींच्या यमुनेहून कितीतरी सरस आहे ह्यात शंका नाही. परंतु दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचली की मनात येते, एकीला लेखकाने वाचविले आणि दुसरीला समाजाने मारले. पण वाचविण्याची किंमत म्हणून पहिलीला घरदार, माणसे, धर्म सारेच सोडावे लागले. घरात राहून, आपल्याच देवासमोर, यमुनेला जगता आले नसते का?

‘सोवळे’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ येथेच आठवतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे वडिलांची आत्या राहात असे. डोक्यावरून आलवणाचा पदर, खाली वस्तऱ्याने गुळगुळीत केलेले मस्तक. तिला आम्ही मुले आत्याआजी म्हणत असू आणि बाहेरची माणसे ‘घरातली सोवळी बाई’ म्हणत. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य. तिच्या हातचे पुरणाचे दिंड साऱ्या आळीत नावाजलेले, पण सवाष्णींच्या पंगतीत तिची सावलीही पडलेली चालत नसे. पहाटे रामघाटावर स्नान करून ती परत येई तेव्हा वाटेतल्या बायका तोंड फिरवीत, कारण तिचे दर्शन अशुभ. तिने कधी कोणाविरुद्ध तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तिला अक्षरओळख नव्हती. नाहीतर तिने यमुनापर्यटन वाचले असते का, आणि वाचून काय केले असते, हा प्रश्न मी अलीकडे पुष्कळदा स्वतःला विचारते. पुस्तक सोवळे असणे आणि बाई सोवळी असणे ह्यांसाठी आपल्याकडे एकच शब्द असावा, हे मला आता सहज वाटत नाही.

आमच्या वन्संना ही पुस्तके घरात असणे मुळीच पसंत नाही. त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. “अगं वहिनी, आज प्रेमकथा म्हणून आणतील आणि उद्या त्यातूनच देव बदलायला सांगतील,” असे त्या म्हणतात. ही पुस्तके धर्मनिष्ठेने लिहिली आहेत आणि त्या निष्ठेचा प्रसार व्हावा ही त्यांची इच्छाही उघड आहे. बाबा पदमनजींची तर ती होतीच. पण मला इतिहासातली एक साखळी दिसते ती वन्संनाही मी दाखविली. पंडिता रमाबाई स्वतः विधवा. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. धर्म बदलून नव्हे, आपल्याच धर्मात राहून. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, पण दार उघडले ते उघडलेच. ख्रिस्ती बाईच्या शाळेत शिकून हिंदू घरात पुन्हा सवाष्ण झालेल्या ह्या गोदूबाईंत मला पदमनजींच्या यमुनेच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. वन्सं त्यावर काही बोलल्या नाहीत. पण पुस्तके घरात नकोत असेही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे थोडे अवघड आहे. माझा मुलगा सात वर्षांपूर्वी अल्पशा आजाराने गेला. सूनबाई तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि नातू चार वर्षांचा. ती माहेरी गेली नाही. “आई, मी येथेच राहीन,” म्हणाली आणि राहिली. आज काळ बदलला आहे, आलवण कोणी नेसवीत नाही, ती टिकली लावते, रंगीत साडी नेसते, शाळेत जाते. तरीही हळदीकुंकवाच्या दिवशी ती बरोबर काही काम काढून शाळेत थांबते, आणि थांबू नकोस असे म्हणण्याइतके शब्द माझ्यापाशी कधी जुळून येत नसत. आम्ही दोघी त्याच एका माणसासाठी आतून रडत होतो, त्यामुळे ह्या विषयावर एकमेकींशी बोलणे जमत नव्हते. तिला वाटे, मी पुढचा विचार केला तर आईंना वाटेल मी ह्यांना विसरले. मला वाटे, मी विषय काढला तर हिला वाटेल, सासूला आता मी जड झाले.

‘लव्ह कम्स सॉफ्टली’ तिने मला दिली ती अशाच दिवसांत. “इंग्रजी सोपे आहे, वाचून बघा,” एवढेच म्हणाली. चार दिवसांनी, रात्रीची भांडी आवरताना, तिने विचारले, “आई, मार्टीने बरोबर केले का हो?” मार्टीविषयी बोलणे सोपे होते. ती कॅनडातल्या एका बाईने कल्पिलेली, दीडशे वर्षांपूर्वीच्या माळरानावरची मुलगी; तिच्याविषयी काहीही म्हटले तरी कोणी दुखावले जाणार नव्हते. आम्ही मार्टीविषयी त्या रात्री बराच वेळ बोललो. पुढे दुसऱ्या कादंबरीतल्या दुसऱ्या बाईविषयी बोललो. असे वर्षभर चालले. आणि एके दिवशी मार्टीचे नाव न घेता मी म्हटले, “अगं, तू पुन्हा लग्न कर किंवा करू नकोस, ते तुझे तू ठरव. पण करशील तेव्हा तुझी पाठवणी ह्याच घरातून होईल, आणि ओटी मी भरीन.” ती काही बोलली नाही, पदराने डोळे टिपले आणि गॅसवरचे दूध उतरविले. तिने अजून काही ठरविलेले नाही, आणि मी पुन्हा विचारलेले नाही. पण ह्या वर्षीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती घरी होती. डाळ आणि पन्हे तिनेच केले, आणि आलेल्या प्रत्येक बाईला कुंकू तिनेच लावले. एक-दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना आणखी डाळ वाढली.

सामान्य प्रतीच्या कादंबऱ्यांचे हे एक मोठे काम असते, ते समीक्षकांच्या लक्षात येत नाही असे मला वाटते. ज्या गोष्टी घरातल्या माणसांना एकमेकांच्या तोंडावर बोलता येत नाहीत, त्या बोलण्यासाठी परक्या गावचे एक पात्र ती उसने देते. बरे, थोर वाङ्मयाने हे होत नाही असे नाही. पण थोर वाङ्मयासमोर आपण जरा सावरून बसतो. ह्या साध्या पुस्तकांसमोर भाजी निवडता येते.

आणि तरीही, ज्या वाचकांना ह्या जातीच्या कथा आवडतात त्यांनी त्यांच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ जरूर ठेवावीत. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे. १९३४ ते १९३६ ह्या काळात तिचे भाग प्रसिद्ध झाले. परंतु ख्रिस्ती घरातली इतकी निर्मळ आणि इतकी खरी प्रेमकथा मराठीत दुसरी नाही. बारा वर्षांच्याही आत लग्न झालेल्या लक्ष्मीबाई एका सोवळ्याच्या घरातून आलेल्या. त्यांचे वडील मीठसुद्धा धुऊन घेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्या दृष्टीने नवरा जिवंत असूनही गेल्यासारखे झाले. सुमारे पाच वर्षे दोघे दूर राहिली. मग त्या नगरला त्यांच्या आसपास राहावयास गेल्या त्याही आपले सोवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक घेऊन. ह्यात कोणा देवाने तेराव्या प्रकरणात उत्तर दिले नाही. रुसवे, तापट स्वभाव, अपमान, पैशाची ओढाताण, आणि ह्या सगळ्यावर त्या बाईचे हसणे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या हट्टापायी नव्हे. माणसामाणसांतले शिवाशिवीचे सोवळे देवाने केलेले नाही, हे त्यांचे त्यांना पटले म्हणून. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा मोठा भाग, अक्षरे जुळवावयास उशिरा शिकलेल्या त्यांच्या ह्या विधवा पत्नीने लिहून काढला.

ओकबाईंच्या कथेत प्रेम हळूहळू येते, लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ते हळूहळू टिकते. पहिले वाचून मन हलके होते आणि दुसरे वाचून बळ येते. घरात दोन्हींना जागा असावी. आमच्याकडे आता दोन्ही पुस्तके माजघरातल्या त्याच फळीवर आहेत, आणि शेजारी हरिभाऊंची यमूही आहे. नातू अकरा वर्षांचा झाला. आणखी चार-पाच वर्षांनी तो ह्या फळीपाशी येईल तेव्हा त्याने कोणते आधी वाचावे हे सांगावयास मी असेन की नाही कोण जाणे. पण त्याच्या आईला ते ठाऊक आहे.